गायके सरांचं अडलेलं वर्तुळ

पुंडलिक गायके सरांना लासूर स्टेशनच्या त्या शाळेत सगळे ओळखायचे ते फळ्यावरच्या वर्तुळामुळं. कंपास नाही, दोरी नाही. खडू फळ्याला टेकवायचे, हात खांद्यातून एकदा फिरवायचे, आणि वर्तुळ जिथं सुरू झालं तिथंच येऊन मिटायचं. पाचवीत नवीन आलेली पोरं खिडकीतून बघायला यायची. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत हा हात चुकला नव्हता. बाकीचं शरीर मात्र कुरकुरायला लागलं होतं.

वय एक्कावन्न. घर हर्सूलला. पाण्याचा दिवस असला की साडेचारला उठून टाकी भरायची, नसला तर साडेपाचला उठायचं. मग स्कूटरवर सगळं शहर ओलांडून रेल्वे स्टेशन, स्कूटर स्टँडवर, आणि गाडीत बसायला मिळालं तर मिळालं. दौलताबाद, पोटूळ, लासूर. संध्याकाळी तेच उलट्या दिशेनं. शिकवणं हा या सगळ्यातला सोपा भाग होता. निदान पूर्वी होता. अलीकडं आठव्या तासाला नववीच्या वर्गात शिरताना सरांना दाराच्या चौकटीला एकदा हात टेकवावासा वाटायचा, आणि ते टेकवायचे.

डिसेंबरात शाळेच्या कॉम्प्युटरच्या बाई लग्न होऊन नाशिकला गेल्या. कंत्राटी जागा, ती काही लगेच भरणार नव्हती. हेडसरांनी गायके सरांना बोलावून घेतलं.

"नववीला कोडिंगचा तास चालू ठेवायचाय सर. वरून पत्र आलंय."

"मला त्यातलं काय येतं हेडसर?"

"अहो, गणित आणि कॉम्प्युटर काय वेगळंय का? तुमच्याशिवाय दुसरा माणूस दिसत नाही मला."

नाही म्हणायची सवय नव्हती. मतदार याद्या त्यांच्याकडं होत्या, दहावीचे जादा तास होते, त्यात आणखी एक.

शहरात दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. पहिल्याच दिवशी मतदार यादीचे कागद तहसीलला पोचवून सर तिथं गेले तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता. पडद्यावर काहीतरी टाइप झालेलं होतं, वरच्या ओळी सरकून गेल्या होत्या. शिकवणारा पोरगा पंचविशीतला, आवाज चांगला, पण वेग असा की मागून येणाऱ्याला चढताच येऊ नये. सर शेवटच्या बाकावर बसले आणि दिसलं तिथपासून उतरवून घ्यायला लागले. त्यांच्या वहीतली पहिली ओळ होती: class Vartul.

तरी त्यांना ते आवडलं. क्लास म्हणजे साचा, असं तो पोरगा सांगत होता. साचा एकदा लिहायचा. मग त्यातून हवी तेवढी वर्तुळं काढायची, प्रत्येक वर्तुळाला आपली आपली त्रिज्या. आणि क्षेत्रफळ आपण काढायचं नाही, त्या वर्तुळालाच विचारायचं. बाबा रे, तुझं क्षेत्रफळ किती? ते सांगतं. सरांना वाटलं, सत्तावीस वर्षं पोरांकडून क्षेत्रफळ काढून घेतलं, वर्तुळाला विचारायचं मात्र कधी सुचलं नाही.

घरी त्यांची मुलगी राजनंदिनी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिनं आपल्या लॅपटॉपवर त्यांना एक ऑनलाइन वही उघडून दिली. वहीत एकाखाली एक चौकोन. चौकोनात ओळी लिहायच्या, बाजूचं बटण दाबायचं, की खाली उत्तर. तिनं वर एक-दोन चौकोन करून वर्गमूळ वगैरे काढून दाखवलं. मग सरांनी खालच्या चौकोनात आपलं वर्तुळ लिहिलं. एका बोटानं, चष्मा कपाळावर सारून, पुन्हा नाकावर घेऊन. त्रिज्या दिली सात. बटण दाबलं. खाली आलं एकशे त्रेपन्न पूर्णांक आणि पुढं आकड्यांची ही लांबलचक शेपटी.

"जमलं की पप्पा," राजनंदिनी म्हणाली. "वरचा पसारा काढून टाकते, म्हणजे शाळेत दाखवायला नीट दिसंल." तिनं वरचे चौकोन पुसले. सरांनी पुन्हा बटण दाबून बघितलं. पुन्हा एकशे त्रेपन्न. द्वारकाबाई, म्हणजे सरांच्या सौभाग्यवती, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आता तरी जेवता का?" सर जेवायला उठले ते जरा खुशीतच.

आठवडाभर त्या वहीकडं बघायला सवड झाली नाही. फेब्रुवारीतल्या एका बुधवारी हेडसर धावत वर्गाच्या दाराशी आले. तालुक्यावरून साहेब भेटीला आले होते, आणि त्यांना नेमका कोडिंगचा तास बघायचा होता.

नववीची बेचाळीस पोरं कॉम्प्युटरच्या खोलीत दाटीवाटीनं बसली. आठ कॉम्प्युटरपैकी तीन चालायचे. सरांनी मोबाइलवरून नेट दिलं, वही उघडली, प्रोजेक्टरनं भिंतीवर कॉम्प्युटरचा पडदा दिसायला लागला. साहेब मागं खुर्चीवर बसले, मांडीवर भेटीचं रजिस्टर. सरांनी साचा समजावला, वस्तू समजावली. बोलणं छान झालं. साचा चालवला, काही तक्रार नाही. सात त्रिज्येचं वर्तुळ तयार केलं, तरी तक्रार नाही.

"आता आपण या वर्तुळाला त्याचं क्षेत्रफळ विचारू," सर म्हणाले आणि बटण दाबलं.

भिंतीवर तांबड्या अक्षरांचा ढीग आला. अगदी खाली एक ओळ. पुढच्या बाकावरच्या सम्यक नावाच्या मुलाला मोठ्यानं वाचायची खोड होती, त्यानं ती खणखणीत वाचली.

"नेम एरर. नेम मॅथ इज नॉट डिफाइन्ड."

मागून कुणीतरी फिस्स केलं आणि सगळी हसायला लागली. गणिताच्या सरांना कॉम्प्युटर सांगत होता की गणित म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. साहेबही हसले. सरांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

खिडकीपाशी सोनिया नावाची मुलगी बसायची. वस्तीवरून चार किलोमीटर सायकल मारून यायची. प्रत्येक तासाला तिचा एक हात वर असायचा आणि म्हणणं एकच, "सर, समजलं नाय." ती म्हणाली, "सर, पयल्यापासून करा ना परत एकदा."

"गप बस," सर म्हणाले.

असं ते पोरांना म्हणत नसत. सोनियाचा हात खाली गेला. घंटा झाली. साहेबांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'पूर्वतयारी अपुरी. संबंधित शिक्षकांचा खुलासा घ्यावा.' आणि चहा न घेता पुढच्या शाळेला गेले.

सरांच्या सबंध नोकरीत असा शेरा आला नव्हता. संध्याकाळी गाडीत त्यांना बसायला जागा मिळाली, पण दौलताबाद कधी गेलं ते कळलं नाही. ते एकच विचार करत होते. घरी चालत होतं. शाळेत का चालत नाही? शाळेचा कॉम्प्युटर जुना आहे, त्याचंच काहीतरी असणार. घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी त्यांनी राजनंदिनीचा लॅपटॉप मागितला. वही उघडली, सगळं पुन्हा चालवलं. तीच ओळ. मॅथ इज नॉट डिफाइन्ड. म्हणजे कॉम्प्युटरचा दोष नव्हता.

राजनंदिनी आतल्या खोलीत होती. हाक मारली असती तर एका मिनिटाचं काम. सरांनी हाक मारली नाही. मागच्याच आठवड्यात त्यांनी तिला कोलन कुठं द्यायचा ते दुसऱ्यांदा विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "पप्पा, कालच सांगितलं ना हे." वाईट काही बोलली नव्हती. पण तो आवाज सरांच्या ओळखीचा होता. ती चौथीत असताना अपूर्णांक शिकवताना ते तिला म्हणायचे, "कालच सांगितलं ना हे." तेव्हा ती पेन्सिल चावत बसायची. आता ते बसले.

एक जुनी वही घेऊन त्यांनी प्रत्येक प्रयत्न लिहायला सुरुवात केली. आधी ओळींच्या पुढची मोकळी जागा मोजून बघितली, चार-चार बरोबर होती. मग वाटलं, क्षेत्रफळाच्या ओळीत पाय, म्हणजे वर्तुळाचा तो तीन पूर्णांक चौदा, घ्यायला math.pi लिहिलंय, त्यातल्या मॅथचं स्पेलिंग चुकलं असेल. आपण तर मॅथ्स म्हणतो. शेवटी एस लावला. कॉम्प्युटर म्हणाला, मॅथ्ससुद्धा मला ठाऊक नाही, आणि वर विचारलं, तुम्हाला दुसरं काही म्हणायचंय का? मग एम मोठा केला. तरी नाही. मग वाटलं, शब्द अवतरण चिन्हात घातला पाहिजे. घातला. आता वेगळीच ओळ आली. तिचा अर्थ लावायला त्यांना दहा मिनिटं लागली. कॉम्प्युटरचं म्हणणं असं होतं, की या अक्षरांना 'पाय' नावाचं काही नाही. त्या शिणलेल्या अवस्थेतही सरांना हसू फुटलं. पाय नाहीत म्हणे.

"काय झालं हसायला?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"काही नाही. दमलोय."

"ते तर रोजचंच आहे," त्या म्हणाल्या आणि लॅपटॉप उचलून ताट ठेवलं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत शाळेच्या कॉम्प्युटरवर त्यांनी सगळं पुसलं आणि पहिल्या अक्षरापासून नव्यानं लिहिलं. तांबडी अक्षरं पुन्हा आली. मग त्यांनी एक गोष्ट केली जी कुठल्याही गणिताच्या शिक्षकानं केली असती. मॅथ, टिंब, पाय हा सगळा भाग खोडला आणि तिथं लिहिलं बावीस भागिले सात. बटण दाबलं. एकशे चोपन्न. बिनतक्रार.

शेजारी रईसा मॅडम डबा खात होत्या. त्या विज्ञान शिकवायच्या, शहरातूनच यायच्या, गाडीत बहुतेक वेळा दोघं एका डब्यात असत. "झालं की सर!" त्या म्हणाल्या. "द्या सोडून आता. खुलाशात लिहा, दुरुस्ती केली."

"उत्तर आलं मॅडम. कारण नाही आलं."

"कारण कोण विचारणारे?"

सरांना आपण तपासलेले पेपर आठवले. शेवटी उत्तर बरोबर पण पायऱ्या नाहीत, म्हणून त्यांनी आजवर किती पोरांचे गुण कापले असतील. पोरं रडवेली होऊन यायची. 'सर, उत्तर तर बरोबर आहे ना?' 'आलं कुठून ते दाखव,' असं ते म्हणायचे. आता बावीस भागिले सात लिहून गप्प बसलं असतं तर त्याच पोरांसमोर उभं राहणं अवघड झालं असतं. त्यांनी बावीस भागिले सात खोडून मॅथ, टिंब, पाय पुन्हा लिहिलं. तांबडी अक्षरं परत आली.

शुक्रवारी गाडी उशिरा आली. लासूरच्या फलाटावर चाळीस मिनिटं उभं राहून सरांचे गुडघे बोलायला लागले. गाडीत दोघांना समोरासमोर जागा मिळाली. सरांनी प्रशिक्षणातली वही काढली आणि गुपचूप बघत बसले. रईसा मॅडमना राहवेना.

"सर, मला त्यातलं काहीच येत नाही. पण सांगा तरी. चाळीस मिनिटं दुसरं काय करायचं?"

"काय सांगू मॅडम? डोकं चालेना झालंय."

"माझ्या आठवीच्या पोरांना सांगता तसं सांगा. पहिल्यापासून."

सरांनी नाइलाजानं बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. "हा साचा. वर्तुळाचा. वर्तुळ तयार होताना त्याला त्रिज्या द्यायची. ती त्यानं स्वतःजवळ ठेवायची."

"बरं."

"मग हे क्षेत्रफळ. विचारलं की वर्तुळानं काय करायचं, मॅथकडून पाय घ्यायचा, आणि त्रिज्येच्या वर्गानं गुणायचं."

"हे मॅथ कोण?"

"मॅथ म्हणजे एक पेटी आहे समजा. त्यात पाय असतो, वर्गमूळ असतं, साइन, कोसाइन, सगळं."

"ती कुणाची? वर्तुळाची?"

"नाही. ती पायथनची, म्हणजे ज्या भाषेत हे लिहिलंय तिची."

"मग ती वर्तुळाकडं आली कशी?" रईसा मॅडमनी विचारलं. "म्हणजे बघा, आमच्या लॅबमध्ये कपाट आहे. त्यात परीक्षानळ्या आहेत. पण मी वर्गात आले आणि पोरांना म्हटलं, परीक्षानळी घ्या, तर पोरं कुठून घेणार? कुणीतरी कपाटातून आणून ठेवायला पाहिजे का नको?"

सर वहीकडं बघत राहिले. पोटूळ आलं, दोन माणसं उतरली, गाडी निघाली. त्यांनी वहीचं पान मागं उलटलं. मागं काहीच नव्हतं. त्यांची पहिली ओळ class Vartul हीच होती, आणि ती त्यांनी पाऊण तास उशिरा लिहिली होती.

"मॅडम," ते म्हणाले, "वर एक ओळ असली पाहिजे. मी पोचायच्या आधी ती लिहून झाली होती."

"कुठली ओळ?"

"ते ठाऊक नाही. पण आहे. आणायची ओळ."

प्रशिक्षणात एक झेरॉक्स पुस्तिका दिली होती, ती घरी कपाटावर पडलेली होती. सरांनी घरी जाऊन ती काढली. शाई फिकट, मधली दोन पानं उलटी शिवलेली. अकराव्या पानावर सापडलं. बाहेरची पेटी वापरायची असेल तर सगळ्यात वर लिहायचं: import math. दोन शब्द. सरांनी ते एका बोटानं लिहिले, आणि बटण दाबायच्या आधी मुलीला हाक मारली. हाक मारायला आता हरकत नव्हती.

राजनंदिनी आली आणि बघून कपाळावर हात मारला. "इम्पोर्टच नव्हतं होय? पप्पा, मला विचारायचं ना! दोन दिवस?"

"तीन," सर म्हणाले. "पण मला सांग, त्या दिवशी चाललं कसं? ही ओळ तेव्हापण नव्हती."

ती खाली बसली. जरा आठवलं तिनं. मग तिचा चेहरा उतरला. "मीच लिहिली होती. वर्गमूळ दाखवताना, वरच्या चौकोनात. मग पसारा म्हणून चौकोन पुसला. चौकोन पुसला तरी या वहीला तेव्हाचं सगळं आठवत राहतं, बंद होईपर्यंत. मग विसरते. म्हणून त्या दिवशी चाललं आणि शाळेत नाही. माझ्यामुळं झालं पप्पा."

"आणि आधीची ओळ? वर्तुळ तयार झालं तेव्हा का नाही बोललं ते?"

"कारण तेव्हा मॅथ लागलंच नाही. साचा नुसता वाचून ठेवते ती. क्षेत्रफळ विचारलं तेव्हा शोधायला गेली, तर नाही."

सरांनी मान हलवली. सगळ्या पायऱ्या लागल्या होत्या. त्यांनी बटण दाबलं. एकशे त्रेपन्न पूर्णांक नऊ तीन आठ, आणि ती शेपटी. आनंद व्हायला पाहिजे होता. थोडा झालाही. पण जास्त वाटला तो शीण, जिने चढून गेल्यावर आपलं घर अजून एक मजला वर आहे असं कळावं तसा. ते लॅपटॉप मिटून गादीवर आडवे झाले. राजनंदिनी दारात उभी होती.

"पप्पा, त्या दिवशी कोलनवरून मी जरा..."

"असू दे," ते म्हणाले. "मी चौथीत तुला याच्यापेक्षा जास्त बोललोय."

शनिवारी सकाळची शाळा. नववीवर पहिला तास त्यांचाच. सरांनी वही उघडली, import math ची ओळ ठेवली नाही, आणि तांबडी अक्षरं पुन्हा भिंतीवर आणली. पोरं हसली नाहीत, सर रागावतील म्हणून. सरांनी त्यांना सगळं सांगितलं. उशिरा पोचल्याचं, स्पेलिंग बदलल्याचं, बावीस भागिले सातचं, अवतरण चिन्हाचं. पाय नाही हे ऐकून सम्यक खिदळला तेव्हा मात्र सगळी मोकळी झाली. मग सरांनी ती ओळ लिहिली आणि वर्तुळानं क्षेत्रफळ सांगितलं.

"आणखी एक," सर म्हणाले. "बुधवारी सोनिया म्हणाली होती, पहिल्यापासून परत करा. तेव्हाच तसं केलं असतं आणि प्रत्येक ओळीला विचारलं असतं, तर सापडलं असतं. मी तिला गप बस म्हणालो. माझं चुकलं."

सोनियाला कुठं बघावं ते कळेना. ती बाकाच्या फळीवर नखानं ओरखडे काढत राहिली. "व्हय सर," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं हात वर केला. "सर, ती पेटी आणली तर मग ती परत ठेवायला लागती का?"

सरांना याचं उत्तर ठाऊक नव्हतं. त्यांनी तसं सांगितलं.

सोमवारी हेडसरांनी खुलाशाची आठवण केली. सरांनी कोऱ्या कागदावर लिहून दिलं, 'बुधवार रोजीच्या तासाला import math ही ओळ प्रोग्राममध्ये लिहायची राहून गेली होती, कारण ती लागते हे मला माहीत नव्हतं. आता माहीत झालं आहे.' खाली सही.

हेडसरांनी दोनदा वाचलं. "असं लिहितं का कुणी? मला माहीत नव्हतं म्हणून? सर, नेटवर्क नव्हतं लिहा. सगळे तेच लिहितात. विषय संपतो."

"नेटवर्क होतं हेडसर. माझ्याच मोबाइलचं होतं."

"मी तुमच्या भल्याचं सांगतोय. उद्या पटसंख्या कमी झाली, अतिरिक्त शिक्षकांची यादी निघाली, तर फाइल उघडतात. त्यात हा कागद दिसला तर?"

सर खुर्चीवर बसले. भीती वाटली नाही असं नाही. एक्कावन्नाव्या वर्षी कुठल्यातरी लांबच्या शाळेवर पाठवलं तर हे गुडघे किती दिवस साथ देतील, हा हिशेब त्यांच्या मनात रोजच असायचा. पण खोटं लिहायचं म्हणजे ते लक्षात ठेवायचं, पुन्हा कुणी विचारलं तर पुन्हा तेच सांगायचं. त्याचंही त्यांना ओझं वाटलं.

"राहू द्या हेडसर," ते म्हणाले. "नवीन लिहायचं म्हणजे पुन्हा पेन काढावा लागंल."

हेडसर हसले नाहीत. कागद घेतला, आवक-जावकला पाठवला.

आता ते कुणी केलं हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण मंगळवारी दुपारी त्या कागदाचा फोटो तालुक्याच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'प्रामाणिकपणाचा कळस.' त्याखाली हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे, रांगेनं. एकानं लिहिलं, गणिताच्या सरांना मॅथ माहीत नव्हतं. त्याला अंगठे मिळाले. रईसा मॅडमनी गाडीत सरांना मोबाइल दाखवला नाही, पण सरांनी स्वतःच उघडला होता. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं आणि मोबाइल खिशात ठेवला.

"मी लिहू का काही?" मॅडमनी विचारलं.

"नको. दमतील आपोआप."

घरी पोचून हातपाय धुतले तोच पहिला फोन आला. गंगापूरकडच्या एका शाळेतल्या बाई. आधी इकडचं तिकडचं बोलल्या, मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सर, ती ओळ... नेमकी कुठं लिहायची असते? मी प्रशिक्षण झाल्या दिवसापासून बावीस भागिले सातवरच चालवतेय." सरांनी सांगितलं. दुसरा फोन अतुल नावाच्या तरुण शिक्षकाचा. ग्रुपवर अंगठा देणाऱ्यांत त्याचं नाव सरांनी वाचलं होतं. तोही तेच विचारत होता, आणि अंगठ्याबद्दल दोघंही काही बोलले नाहीत.

तिसरा फोन आला तेव्हा द्वारकाबाईंनी भाकरी ताटात वाढली होती. त्यांनी नुसतं बघितलं. सरांनी एक बोट वर केलं, एकच मिनिट.

"गायके सर बोलताय का? मी शौकत. उर्दू शाळेवर असतो, वैजापूरच्या अलीकडं. आपली ओळख नाही सर. वो फोटो देखा मैंने. हसलो नाही बरं का मी."

"हसला असता तरी चाललं असतं. बोला."

"सर, मेरी नोकरी के दो साल बाकी हैं. हे कोडिंग माझ्याच गळ्यात आलंय. तुम्ही लिहिलं ना, मला माहीत नव्हतं. मला तर काहीच माहीत नाय. पोरांसमोर उभा राहतो आणि घाम फुटतो. घरात कुणाला विचारावं तर लाज वाटते. मुलगा म्हणतो, अब्बा, तुम्हारे बस का नहीं." मग घाईनं म्हणाले, "तुम्हाला वेळ असंल तर... नसंल तर राहू द्या. तुम्हीपण दमून आला असाल."

सरांनी भाकरीकडं बघितलं, द्वारकाबाईंकडं बघितलं. पाय गुडघ्यापासून खाली जड झाले होते. उद्या पाण्याचा दिवस होता, साडेचारला उठायचं होतं.

"दमलोय खरा," ते म्हणाले. "थांबा, जरा बसून घेतो." ते भिंतीला टेकून खाली बसले आणि मोबाइल दुसऱ्या कानाला लावला. "हां. घाई करू नका शौकतभाई. समोर काय दिसतंय तुम्हाला? पहिली ओळ वाचा."